तीन डोंगर आणि एक रोट

श्रावणातल्या रविवारी सकाळी सहा वाजता भाईदास घोड्यावर चढला.

घोडा हा डोंगर आहे. हे लगेच सांगून टाकतो, कारण आमच्या संपादकांनी बातमीच्या आगाऊ खर्ड्यातले एवढेच वाक्य वाचून विचारले होते, "वरात इतक्या लवकर?"

पिंपळनेरच्या पलीकडे एका खेड्याच्या माथ्यावर तीन कातळ ओळीने उभे आहेत. घोडा, म्हातारी आणि शेंडी. घोड्याची पाठ इतकी अरुंद, की तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसत बसतच पुढे सरकावे लागते. म्हातारी कमरेत वाकलेली आहे. तिच्यावर चढणाऱ्यालाही तसेच वाकून चढावे लागते. शेंडी म्हणजे सरळ उभा सुळका आणि त्याला मधोमध पडलेली एक भेग. तिथले गुराखी हरवलेली शेळी शोधायला यातल्या कुठल्याही डोंगरावर चढतात. पण एका दिवशी एकच! तिन्ही एका दिवसात कोणी केले नव्हते, कारण एका दिवसात तिन्हीकडे शेळ्या हरवत नाहीत.

भाईदासची शेळी नव्हती, लग्न होते.

भाईदास मूळ नशिराबादचा. धुळ्याला आमच्या दैनिकाच्या छापखान्यात मुद्रिते तपासायचा. माणूस सरळ, नजर बारीक, पण उंचीचे वावडे! माळ्यावरचे कागदाचे रीम काढायला शिडीवर चढला की डोळे मिटून घ्यायचा आणि रीम म्हणून घड्याळाला हात घालायचा. असा हा माणूस आषाढात मला बरोबर घेऊन त्या खेड्यातल्या चुडामण पाटलांकडे मुलगी पाहायला गेला. मुलीचे नाव चमेली. चुडामण पाटलांनी भाईदासला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि नजर खालीच ठेवली.

"पोऱ्या शिकेल शे," ते म्हणाले, "पन खुर्चीवर बशी बशी पायना काड्या व्हई गयात. आमनं बठ्ठं वावर डोंगरना उतारवर. जावई बांधवर उभा तरी राही का?"

दाराआड कोणीतरी हसले. पाण्याचा तांब्या ठेवून चमेली नुकतीच तिकडे गेली होती. ते हसू भाईदासच्या कानात शिरले आणि तो उभा राहिला.

"तुमचे तिन्ही डोंगर एका दिवसात चढून दाखवतो!"

मी त्याचे धोतर ओढले. उपयोग झाला नाही. चुडामण पाटलांनी मांडीवर थाप मारली. तरुणपणी त्यांनी स्वतः दोन डोंगर एका दिवसात केले होते. तिसरा राहिला, कारण म्हैस व्याली. तो सल त्यांच्या मनात होता.

"चढी दाखाड! मी गावदेखत शब्द देस. जो तिन्ही डोंगर एक दिवसमा करी, मनी पोर त्याले!"

परतीच्या मोटारीत भाईदास रडकुंडीला आला. "अण्णा, मी काय बोलून बसलो?"

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "योजना माझ्यावर सोड."

आता मला सांगा, रोज रात्री ठरल्या वेळेला अंक बाहेर काढणाऱ्या माणसाला तीन डोंगर एका दिवसात बसवणे ते काय अवघड? पहिले पान घोडा, मधले पान म्हातारी, शेवटचे पान शेंडी! मी महिनाभर त्याला लळिंगच्या किल्ल्यावर पिटाळले. मोटेचा जुना नाडा कमरेला बांधायला मिळवला. छापखान्याला सुट्टी म्हणून रविवार पक्का केला. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम घालून दिला: दिवसभर उपाशी राहायचे! भरल्या पोटी चढणे म्हणजे पाटा कमरेला बांधून पोहणे.

"पण अण्णा, त्या रविवारी कानबाई आहे," भाईदास म्हणाला. "गावात घरोघर ही देवी बसते. आमच्याकडे बसत नाही, पण त्यांच्याकडे असेल."

"असेना! आपल्याला डोंगरावर चढायचे आहे, देव्हाऱ्यावर नाही."

मी घाटावरून नोकरीसाठी धुळ्यात आलेला माणूस. खानदेशातली कानबाई काय असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आता आहे. आता मी त्यावर व्याख्यान देऊ शकतो.

तर सकाळी सहा वाजता भाईदास घोड्यावर चढला आणि मी खाली छत्री घेऊन बसलो. पाऊस बरेच दिवस दडी मारून होता, कातळ कोरडा होता. भाईदास डोळे मिटून घोड्याच्या पाठीवर बसत बसत पुढे सरकला, टोकाला हात लावला आणि तसाच मागे सरकत परत आला. धोतराचा मागचा भाग घोड्याने ठेवून घेतला. मी त्याला माझी घोंगडी गुंडाळायला दिली.

"अण्णा, भाकरीचा एक तुकडा—"

"नाही!"

म्हातारीने मात्र त्याची परीक्षा पाहिली. तिच्या पोटाखालून जी खाच जाते, तिच्यात पारव्यांची वस्ती. भाईदास वाकून आत शिरला आणि पारव्यांनी आपला निषेध वरून व्यक्त केला. तो माथ्याला जाऊन उतरला तेव्हा दुपार टळत आली होती, त्याचे केस आणि मिशा पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या आणि कंबर धरली होती. सरळ उभे राहता येईना! मी त्याच्या हातात काठी म्हणून छत्री दिली. डोक्यावरून घोंगडी, पांढऱ्या मिशा, कमरेत वाक, हातात काठी. सकाळी घोड्यावर गेलेला तरणाबांड गडी दुपारी सत्तरीचा होऊन आला होता.

"अण्णा," तो कण्हला, "शेंडी राहू द्या. मला दोन दोन शेंड्या दिसायला लागल्या."

"मग सोपे झाले. दोन्हींपैकी कुठलीही चढ."

पण घोटभर पाण्यावाचून तो पुढे जाणार नव्हता. शेंडीची वाट गावातूनच जाते. गावातले पुरुष आधीच शेंडीच्या पायथ्याशी जमले होते: स्वतः चुडामण पाटील, त्यांचे वडील नवलआबा आणि जातपंचायतीचे मुख्य भिकननाना. बायका कानबाईपुढे गाणी म्हणायला एका मोठ्या घरात गेल्या होत्या. चुडामण पाटलांचे घर शांत होते. मी ओट्यावर टेकलो आणि भाईदासला म्हणालो, "आत जा, पाणी माग आणि लगेच ये."

आतले मी डोळ्यांनी पाहिले नाही. कानांनी ऐकले, ते जसेच्या तसे देतो.

आत दगडीबाई होत्या. नवलआबांची बायको, चुडामण पाटलांची आई. खोलीत अंधार, कानबाईपुढे समई, आणि दगडीबाईंची नजर अधू. शिवाय देवीसमोर नवऱ्याकडे टक लावून बघायची त्या घरात रीत नव्हती. पदर पुढे ओढलेला.

"उनात का?" दगडीबाई म्हणाल्या. "कितला येळ! बठ्ठा जेवी गयात. बसा."

भाईदास बसला असावा, कारण छत्री पडल्याचा आवाज आला.

"हाई तुमनं रोट. खाई ल्या बिगीबिगी."

"पाणी..." भाईदासचा आवाज म्हातारीच्या चढाने पिळून काढलेला. घोगरा, कापरा.

"देस ना! आधी रोट खा."

मग बराच वेळ फक्त चावण्याचा आवाज. घट्ट, जाड, भट्टीतल्या विटेसारखे भाजलेले गव्हाचे रोट; पण भाईदास त्याच्यावर तुटून पडला होता.

"ओ माय! रोजना भाकर दूधमा कुसकरीसन लागस, आज कडकड खाई राहिनात! दात दुखत नहीत वाटस?"

"हं," भाईदास म्हणाला.

"कानबाईनी कृपा वं माय!"

मी ओट्यावर बसून मनात म्हणालो, किती मायाळू लोक! सासर असावे तर असे! माझा उपासाचा नियम मोडला होता, पण भाईदास बाहेर आला तो सरळ कमरेने. तोंडाला रंग आला होता. पाण्याने त्याने केस-मिशा धुतल्या, धोतराचा फाटका भाग आत खोचून घोंगडी मला परत दिली, आणि आम्ही शेंडीकडे निघालो.

पायथ्याशी जत्रा जमली होती. नवलआबा, भाईदासच्या तेव्हाच्या अवताराची हुबेहूब मूळ प्रत, घोंगडी पांघरून दगडावर बसले होते. भाईदासने भेगेत पाठ एका बाजूला लावली, पाय दुसऱ्या बाजूला रोवले आणि डोळे मिटून वर सरकू लागला.

नवलआबा उठले. "मी घर जास. पोटमा कावळा वरडी राहिनात, सकायपशी रोटनी वाट देखी राहिनू. पोऱ्या वर पोचना तरी सांगज्यात, पडना तरी सांगज्यात."

भाईदास अर्ध्यावर होता. चुडामण पाटील खालून ओरडत होते, "शाब्बास! उजवा पाय! आरे, तुना उजवा, मना नही!" त्यांच्या चेहऱ्यावर म्हशीचे दुःख पुसले जात होते. मी पेन्सिलीला टोक करून घेतले. आणि तेवढ्यात गावाकडून नवलआबा आले. पळत!

"मनं रोट कोनी खादं?"

मागून पदर सावरत दगडीबाई. "तुम्हीच तं खादं!"

"मी आठे बशेल व्हतू!"

"मंग मी मना हातनी कोनले खावाडं?"

मी खोटे बोलत नाही, ती आमच्या धंद्यातली सवय. पण खरेही बोलवेना. म्हणून मी फक्त वर पाहिले. माझ्यामागोमाग सगळ्या गावाने वर पाहिले. वर भेगेत दोन पाय आणि एक पाठ दिसत होती.

"ओ माय वं!" दगडीबाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि सुळक्याकडे पाठ केली.

"झालं ते झालं," मी हसून म्हणालो. "एक भाकरी खाल्ली बिचाऱ्याने."

"भाकर?" भिकननाना माझ्याकडे वळले. ते हळू बोलतात, आणि त्यांनी बोललेले पुन्हा कोणी खोडत नाही. "कानबाईनं रोट शे ते! घरमा जितला माणूस, तितलासना नावना गहू मोजाई जातस. ज्याना नावनं रोट, त्यानीच खावानं. भाऊबंदबगर कोनी शिवत नही. आनि ज्यानी खादं, तो भाऊबंद."

"म्हणजे भाईदास या घरचाच झाला! उत्तमच की, जावई—"

"जावई नही! चमेलीना भाऊ!"

चुडामण पाटलांचा शाब्बासकीचा हात हवेतच राहिला. गावकीत रोटाच्या भाऊबंदांची लग्ने होत नाहीत. योजना माझी. उपास माझा. घोंगडी माझी. छत्रीसुद्धा माझी!

"भाऊ कसाना?" नवलआबा कडाडले. त्यांना लग्नाचे काही नव्हते, रोटाचे होते. "मना नावना गहू व्हतात त्या! मना!"

भिकननानांनी डोळे मिटले. "हाऊ बी मुद्दा शे," ते म्हणाले. "रोट ज्याना नावनं, तो माणूस. नवलनं रोट खादं, म्हणजे तो नवलना जागावर बसना. तो चमेलीना भाऊ नही. आजा शे."

"म्हणजे," चुडामण पाटील चाचरत म्हणाले, "मना बाप?"

आणि नेमक्या त्याच क्षणी भाईदास शेंडीच्या माथ्यावर उभा राहिला. उपरणे फडकवले. आयुष्यात पहिल्यांदा उंचावर डोळे उघडले आणि आनंदाने ओरडला, "मामा! केले! तिन्ही केले!"

चुडामण पाटलांचे हात आपोआप जोडले गेले. बाप म्हटल्यावर जोडले जातातच.

"तो मी व्हयना," नवलआबांनी विचारले, "तं मी कोन?"

"तू थांब," भिकननाना म्हणाले. "तुना इषय मंग देखसूत."

भाईदास उतरला. त्याला वाटले असणार, गुलाल उधळतील. तो चुडामण पाटलांच्या पाया पडायला वाकला, तसे ते उडी मारून मागे सरले.

"नका, बाबा! माले पाप लागी!"

"बाबा?" भाईदास माझ्याकडे वळला. "अण्णा, काय झाले? एखादा डोंगर चुकला का?"

मी बातमीच्या सवयीने मुख्य गोष्ट आधी सांगितली. "डोंगर तिन्ही मंजूर आहेत. पण तू चमेलीचा आजोबा आहेस."

तो मटकन खाली बसला. तीन डोंगरांनी जे केले नव्हते ते एका वाक्याने केले. "अण्णा," तो इतकेच म्हणाला, "मला फक्त पाणी हवे होते हो." त्याचे डोळे भरून आले आणि मी पेन्सिल खिशात ठेवली. गंमत तुम्हाला वाटत असेल. तिथे उभे असता तर वाटली नसती.

तेव्हा आरडाओरडा ऐकून आजीच्या मागे येऊन उभी राहिलेली चमेली पुढे आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेले काहीतरी होते.

"नाना, माले एक इचारानं शे."

"इचार."

"लगन व्हयेल पोर माहेरनं रोट खास का?"

"नही. ती दुसरा कुळनी व्हई जास."

"मी सकायपशी बठ्ठासले वाढी राहिनू. मनं रोट आजून मी खायेल नही." तिने फडके सोडले. आत तिचे रोट, अखंड. "आनि आते खास बी नही! मंग या वरीसले मी या कुळनी नही. तो कोना बी आजा व्हवो, मना नही!"

भिकननानांनी रोट अखंड असल्याची वाकून खात्री करून घेतली. चमेलीने भाईदासकडे एकदाही पाहिले नाही, पण तिचे कान लाल झाले होते. भाईदास मात्र तिच्याकडे असा पाहत होता, जणू चौथा डोंगर दिसला आणि तोही चढायला तयार!

"पोर कोनी शे?" चुडामण पाटील गरजले. "मनी!"

गावाने टाळ्या पिटल्या. कोणीतरी गूळ आणायला पळाले. मी पेन्सिल काढून शेवटचे वाक्य लिहून टाकले: 'विवाह निश्चित झाला.'

इथे ही हकीकत संपली असती. पण रोट टाकून देत नाहीत, आणि नवलआबा पहाटेपासून उपाशी होते. चमेलीने मायेने आपले रोट त्यांच्या हातात ठेवले.

"खाई ल्या, आबा."

दात दुखत असताना त्यांनी ते खाल्ले. आम्ही सगळे आनंदात होतो, कोणाचे लक्ष नव्हते. शेवटचा कण मिशीतून काढून तोंडात गेला, आणि भिकननानांचा हळू आवाज आला.

"नवल, ते रोट कोना नावनं व्हतं?"

"चमेलीनं."

"मंग तू चमेली व्हयना."

गूळ घेऊन येणारा माणूस वाटेतच थांबला.

"नाना, काय बोली राहिनात!" चुडामण पाटील ओरडले. "मना बाप मनी पोर कशी व्हई?"

"भाईदासले एक नियम आनि नवलले दुसरा, आसं पंचायतमा चालस नही. रोट ज्याना नावनं, तो माणूस. चमेली आपला तोंडनी बोलनी, ती या कुळनी नही. मंग तू तिनं कन्यादान कसं करशी? तुना घरमा आज चमेलीना जागावर नवल शे. आनि तू गावदेखत शब्द दिधा: मनी पोर त्याले."

मी म्हणालो, "नाना, हे अशक्य आहे!"

"आशक्य कसानं? तीन डोंगर एक दिवसमा बी आशक्यच व्हतात."

सगळ्यांनी नवलआबांकडे पाहिले. ते पोटावरून हात फिरवत होते. थोडा विचार करून त्यांनी धुळ्याची चौकशी केली, "धुये कितलं दूर शे? मोटारमा माले मळमळ व्हस."

दगडीबाई म्हणाल्या, "मी आशी एकली कशी राहू?"

भाईदास उठला आणि पुन्हा शेंडीच्या दिशेने चालू लागला. आम्ही चौघांनी त्याला धरून आणले.

सोमवारी सकाळी कानबाई वाजतगाजत नदीला गेली आणि आम्ही मोटारीने धुळ्याला आलो. संपादक वाटच पाहत होते, पानावर जागा मोकळी ठेवली होती.

"चढला का?"

"तिन्ही."

"वा! मग मुलगी मिळाली?"

"मिळाली," मी म्हणालो. "कोणती ते ठरायचे आहे."

त्या जागेत त्यांनी दंतमंजनाची जाहिरात छापली.

पंचायत श्रावणअखेर बसणार होती, ती पोळ्याच्या धामधुमीत राहिली. मग पितृपक्ष आला, मग दसरा. भाईदास कामावर येतो, पण त्याने तपासलेले मुद्रित मला पुन्हा तपासावे लागते. दोन दिवसांआड तो मोटारीच्या थांब्यावर जाऊन पिंपळनेरकडून येणाऱ्या ड्रायव्हरला विचारतो. चमेलीने एकदा त्या ड्रायव्हरच्याच हाती निरोप पाठवला होता, "पायले तेल लाई ठेवा." याचा अर्थ काय, यावर भाईदास आठवडाभर जगला.

परवा पक्की खबर आली. पंच अखेर बसले. चमेलीचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले नाही, कारण या वर्षी ती कोणीच नाही. चुडामण पाटील शब्दाला जागायला तयार आहेत. मात्र खुद्द वधूकडूनच अडचण निघाली आहे. नवलआबांना मुलगा पसंत नाही. कारण समजू शकले नाही.